डिस्कच्या पेटीची खबर ठेवणारा ड्रायव्हर

उन्हाळ्यात कळसाडीला घरी आलो की चुलतभाऊ काहीतरी विचारतोच. यंदा म्हणाला, "दादा, इथं पंखा बंद पडला तर घामाने कळतं. तुमच्या सर्व्हरचा पडला तर?"

प्रश्न झकास आहे.

बऱ्याच डिस्क मावणारी स्टोरेजची पेटी असते ना, तिच्यात पंखे, पॉवर सप्लाय, तापमानाचे सेन्सर आणि या सगळ्यांवर लक्ष ठेवणारी एक चिप असते. एसईएस, म्हणजे स्कझी एन्क्लोजर सर्व्हिसेस, या ठरलेल्या पद्धतीने ती ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलते. सिस्टिमला ती एक स्वतंत्र उपकरण म्हणूनच दिसते.

हे बोलणं समजून घेणारा ड्रायव्हर लिनक्समध्ये 2008 साली आला. फ्रीबीएसडीतही आहे.

डिस्कची स्वतःची तब्येत डिस्कमधल्याच 'स्मार्ट' या स्व-तपासणीतून कळते, पेटीची एसईएसमधून. या दोन्हींत लोक हमखास गल्लत करतात.

मला सगळ्यात आवडतं ते 'लोकेट'. रेड-5 मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी चालू राहणाऱ्या डिस्कच्या गटात (अ‍ॅरेत), एक डिस्क गेली आणि बदलताना शेजारची चालू डिस्क उपसली, की सगळा अ‍ॅरे बसला! म्हणून आधी कमांड द्यायची, नेमक्या त्या कप्प्याचा दिवा लुकलुकू लागतो, मगच हात घालायचा. (कप्प्यावरच्या स्टिकरवर माझा काडीचा विश्वास नाही.)

लिनक्सवर 'एसजी_एसईएस' कमांड चालवून बघा. स्वस्त पेट्यांत ही चिप नसते किंवा अर्धवट माहिती देते. तुमची काय दाखवते ते कमेंटमध्ये टाका, वाचायला मदत करतो.