वीस टीबी आणि पावणेअठ्ठावीस तास

सेकंदाला 100 मेगाबिट या दराने 4के चित्रीकरण केले, तर एक कॅमेरा तासाला 45 जीबी जागा खातो. लातूर किंवा नांदेडमधल्या एखाद्या फोटो स्टुडिओची लग्नसराई धरून चला. हळद आणि लग्न मिळून दोन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले, की झाले 540 जीबी. 30 एमबीचा एक, असे तीन हजार रॉ फोटो काढले तर आणखी 90. म्हणजे एका लग्नाचे 630 जीबी. अशा तीस ऑर्डरी घेतल्या की सीझन 18.9 टीबीवर जातो. 20 टीबीच्या एकाच हार्ड डिस्कमध्ये तो मावतो. विंडोज त्या डिस्कवर 18.19 टीबीच दाखवते, पण त्यात दुकानदाराची लबाडी नसते. कंपनी हजाराने भागते, विंडोज 1024 ने.

गरज फक्त स्टुडिओवाल्यांची नाही. पोलीस ठाण्यांतल्या सीसीटीव्हीचे चित्रीकरण 18 महिने जपावे, ते शक्यच नसेल तर निदान वर्षभर तरी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी परमवीरसिंग सैनी खटल्यात दिला. सेकंदाला फक्त 2 मेगाबिट घेणारा कॅमेराही 18 महिन्यांत 11.8 टीबी भरतो. दहा कॅमेरे असले तर 118 टीबी, म्हणजे 20 टीबीच्या सहा डिस्का, त्याही एकच प्रत ठेवली तर. लातूरचे क्लासेस तासांचे व्हिडिओ साठवू लागले, की त्यांचाही हिशेब याच वाटेने जातो. मोठी डिस्क आता आपल्याकडेही कामाची वस्तू झाली आहे, आणि म्हणूनच ती किती टिकते हे नीट तपासायला हवे.

डिस्कच्या माहितीपत्रकावर बहुतेक वेळा 25 लाख तास हा आकडा असतो. त्याची 285 वर्षे होतात. पण एक डिस्क 285 वर्षे चालेल, असा त्याचा अर्थ नाही. एकसारख्या 285 डिस्का वर्षभर चालवल्या तर साधारण एक उडेल, म्हणजे वर्षाला 0.35 टक्के, एवढाच तो दावा आहे. प्रत्यक्षातले आकडे बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी अनेक वर्षे जाहीर करते. तिच्याकडे तीन लाखांहून अधिक डिस्का चालू आहेत. त्यांचा वार्षिक बिघाडाचा दर 2021 मध्ये 1.01 टक्के, 2022 मध्ये 1.37, 2023 मध्ये 1.70 आणि 2024 मध्ये 1.57 टक्के होता. कागदावरच्या दाव्याच्या तीन ते पाच पट. तरीही शंभरात दीड हे प्रमाण वाईट म्हणता येणार नाही.

डिस्क जितकी मोठी तितकी नाजूक, हा समज मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही. 16 टीबीच्या अनेक मॉडेलांचा दर सरासरीच्या खाली आहे. उलट याच कंपनीने 2012 मध्ये बसवलेल्या सीगेटच्या एका 3 टीबी मॉडेलच्या डिस्कांपैकी मार्च 2015 अखेर जेमतेम 10 टक्के सेवेत उरल्या होत्या. टिकाऊपणा मॉडेलवर ठरतो, आकारावर नाही.

मग आकाराने काय बदलते? वेळ. 4 टीबीवरून 20 टीबीवर जाताना जागा पाचपट झाली, वाचण्या-लिहिण्याचा वेग दुप्पटही झाला नाही. सेकंदाला सरासरी 200 एमबी धरले तर 20 टीबीची पूर्ण प्रत काढायला एक लाख सेकंद लागतात, म्हणजे पावणेअठ्ठावीस तास. एक डिस्क गेली आणि दुसरीवरून नवी भरायची वेळ आली, तर एवढा वेळ सगळा सीझन त्या एकाच डिस्कवर तगून असतो. मे महिन्यात, लाईट जाण्याच्या दिवसांत, सलग अठ्ठावीस तास यूपीएसशिवाय काढणे धोक्याचेच. वीज अचानक गेली तर फिरत्या चकत्यांच्या उरलेल्या गतीवर डिस्क आपले हेड सुरक्षित जागी नेते. पण अर्धवट लिहिलेली फाईल त्याने वाचत नाही.

उन्हाचाही विचार करावा लागतो. या डिस्का साधारण 60 अंशांपर्यंत चालण्यासाठी बनवलेल्या असतात. नांदेडला खोलीत 42 अंश असताना, पंखा नसलेल्या बंद डब्यातली डिस्क 15 अंशांनी आणखी तापली, तर ती 57 वर पोहोचते. बॅकब्लेझचे आकडे थंड केलेल्या डेटा सेंटरचे आहेत. आपल्या स्टुडिओतली, पिशवीतून कार्यालयात जाणारी-येणारी डिस्क त्या दीड टक्क्यात बसते, असे मी मानणार नाही.

तरी हिशेबासाठी दीडच टक्का घेऊ. 20 टीबीची एकच डिस्क असेल, तर वर्षात सगळे जाण्याची शक्यता 67 मध्ये एक. त्याऐवजी 4 टीबीच्या पाच घेतल्या, तर निदान एक उडण्याची शक्यता 7.3 टक्क्यांवर जाते, पण तेव्हा पाचवा हिस्साच जातो. ज्याची पाच-सहा लग्ने त्या डिस्कवर होती, त्या घरांना त्याचे काय समाधान? लग्न पुन्हा लागत नाही. एकाच मजकुराच्या दोन प्रती दोन डिस्कांवर असतील, तर एकाच वर्षात दोन्ही जाण्याची शक्यता दहा हजारांत सव्वादोन. किती भागांत वाटले यापेक्षा किती प्रती आहेत, यानेच फरक पडतो.

पण हा गुणाकार एका अटीवर खरा आहे: दोन्ही डिस्कांवरची संकटे वेगवेगळी हवीत. एकाच टेबलावर, एकाच बोर्डातून वीज घेणाऱ्या दोन डिस्का विजेचा एक दणका, एक चोरी किंवा एक आग एकदमच नेऊ शकते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. तिथे वरच्या आणि खालच्या खोलीत ठेवलेल्या वस्तूंत काय फरक उरला असता? नांदेडची भीती निराळी आहे. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की गोदावरीकाठच्या सखल वस्त्यांत पाणी शिरते. गोदावरीचा पूर लातूरच्या स्टुडिओत येणार नाही. म्हणून लातूरची दुसरी प्रत नांदेडला आणि नांदेडची लातूरला, हीच मला सर्वांत शहाणपणाची व्यवस्था वाटते. 100 मेगाबिटच्या इंटरनेटवरून 20 टीबी पाठवायला साडेअठरा दिवस लागतात. अहमदपूर-लोहामार्गे रस्ता सुमारे 140 किलोमीटरचा आहे, आणि नात्यातले, धंद्यातले कोणी ना कोणी त्यावरून जात असतेच. डिस्क मात्र स्पंज लावलेल्या खोक्यात द्यावी.

खरेदीचा हिशेबही मग एका डिस्कचा करू नये. किंमत भागिले टीबी हा भाव निम्मीच गोष्ट सांगतो. त्याला दोनाने गुणा आणि वॉरंटीच्या वर्षांनी भागा. मोठ्या, सर्व्हरसाठीच्या डिस्कांना बहुधा पाच वर्षांची वॉरंटी असते, साध्या डेस्कटॉपवाल्यांना दोन. अशाने महाग वाटलेली डिस्क पुष्कळदा स्वस्त निघते. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, हे पार्टीला आधीच सांगितलेले बरे. लहान डिस्कांत आणखी एक अडचण असते. काहींत ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, आणि मोठे लिखाण सलग चालले की त्या फार मंदावतात. वेस्टर्न डिजिटलने आपल्या रेड मालिकेतल्या 2 ते 6 टीबीच्या काही डिस्का अशा असल्याचे एप्रिल 2020 मध्ये मान्य केले. ही रचना कोणती आहे, हे विकत घेण्याआधी विचारावे.

20 टीबीच्या दोन परवडत नसतील, तर 10 च्या दोन घ्याव्यात आणि अल्बम-व्हिडिओ दिल्यानंतर रॉ फुटेज किती महिने ठेवणार ते पावतीवर लिहावे. डिस्क आधी इशारा देईल, या भरवशावर राहू नये. गुगलने 2007 मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास मांडला, त्यात बिघडलेल्यांपैकी 56 टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्वतःच्या तपासणीत महत्त्वाची एकही खूण दाखवली नव्हती. कपाटात ठेवलेली प्रत वर्षातून एकदा पूर्ण वाचून बघावी, आणि ते काम सीझन संपल्यावर, पावसाळ्यात धरावे.