कॉलऱ्याचा जंतू गर्दी मोजतो

एकट्यादुकट्या जिवाणूने विष सोडून उपयोग नसतो. शरीराची प्रतिकारशक्ती त्याचा तिथेच निकाल लावते. म्हणून बरेच रोगजंतू आधी गुपचूप संख्या वाढवतात आणि पुरेशी जमवाजमव झाली की मगच एकदम हल्ला चढवतात. जखमेत आणि फुप्फुसात घर करणारा स्युडोमोनस त्यातलाच.

पण आपण किती जण आहोत, हे जिवाणूला कळतं कसं? तो एक छोटा रेणू सतत बाहेर सोडत असतो. भाईबंद कमी असतील तर तो रेणू विरून जातो. दाटी झाली की साचतो, ठरावीक प्रथिनाला चिकटतो आणि आतली जनुकं चालू किंवा बंद होतात. शास्त्रज्ञ याला ‘क्वोरम सेन्सिंग’ म्हणतात.

कॉलऱ्याच्या जंतूची तऱ्हा मात्र नेमकी उलटी. संख्या कमी असतानाच तो केसासारख्या तंतूंच्या मदतीने लहान आतड्यात तळ ठोकतो आणि विष सोडतो. (हे विष असतं, हे कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशांच्या आतड्यांवर प्रयोग करून दाखवलं. नोबेल त्यांना मिळायलाच हवं होतं.) विषामुळे आतड्याच्या पेशी क्षार आणि पाणी बाहेर टाकू लागतात आणि तांदळाच्या धुवणासारखे जुलाब सुरू होतात.

गर्दी वाढली की ‘सीएआय-१’ हा रेणू साचतो. १३ कार्बन अणूंची साखळी असलेल्या या रेणूची रचना प्रिन्स्टनच्या बॉनी बासलर यांच्या चमूने २००७ मध्ये उलगडली. तो साचला की विष बंद, तंतू बंद. उलट आतड्यावरची पकड सोडवणारं विकर तयार होऊ लागतं. आता जुलाबाबरोबर बाहेर पडून पुढचं पाणी गाठायचं, असा हा बेत असावा. रोग्याचं काय होतं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

मग हा रेणू आपणच आधी आतड्यात पोचवला तर? कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये तेच केलं. निरुपद्रवी ई. कोलाय जिवाणूला सीएआय-१ बनवायला लावून तो उंदराच्या पिलांना पाजला आणि नंतर कॉलऱ्याचा संसर्ग केला. कितीतरी जास्त पिलं वाचली. जंतूला न मारता चकवायचं, ही युक्ती मला अँटिबायोटिकच्या भडिमारापेक्षा हुशारीची वाटते.

अर्थात, उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तेव्हा जुलाब सुरू होताच जलसंजीवनी पाजायला लागा आणि रुग्णाला दवाखान्यात न्या.