पोपोविच यांचे जाणे

गिरावीन हे सिडनीच्या पश्चिमेकडील आमचे लहानसे उपनगर. टुंगाबी स्थानकावर गाडीत बसावे, पेंडल हिल, वेंटवर्थव्हिल आणि वेस्टमीड मागे टाकावे, की परामॅटा येते. २०१२ पासून आमच्या घरची कित्येक मंडळी तांबडाकाळा गळपट्टा गुंडाळून हा प्रवास करीत आली आहेत. वेस्टर्न सिडनी वाँडरर्स हा आमचा फुटबॉल क्लब. त्याच्या पहिल्या प्रशिक्षकांविषयी, टोनी पोपोविच यांच्याविषयी, माझ्या मनात जे द्वंद्व आहे ते वाचकांपुढे मांडावे असे फार दिवस वाटत होते.

पोपोविच यांनी मे २०१२ मध्ये सूत्रे हाती घेतली तेव्हा क्लबला खेळाडू तर नव्हतेच, नावही ठरावयाचे होते. स्वतः ते सिडनीत जन्मलेले, क्रोएशियातून आलेल्या कुटुंबातले. पहिल्या तीन सामन्यांत आमच्या संघाला एकही गोल करता आला नाही. मात्र त्याच मोसमाच्या अखेरीस संघ साखळीत पहिला आला! पुढे २०१४ साली आशियाई चँपियन्स लीगमध्ये सौदी अरेबियाच्या अल-हिलालशी अंतिम गाठ पडली. परामॅटात टोमी युरिच याच्या गोलाने आम्ही १-० असे जिंकलो. रियाधमधील दुसरा सामना आमच्याकडे पहाटे दिसला. अँटे चोविच या गोलरक्षकाने त्या रात्री जे काही अडविले ते आठवले की अजून अंगावर काटा येतो. ०-० अशी बरोबरी झाली आणि आशियाचे अजिंक्यपद मिळविणारा पहिला ऑस्ट्रेलियन क्लब आमचा ठरला. घरातील म्हातारी माणसे पहाटे आरडाओरड कसली म्हणून उठून आली होती.

त्यानंतर सारेच सुखाचे झाले असे मुळीच नाही. लगेचच्या मोसमात संघ दहांत नववा आला. २०१३, २०१४ आणि २०१६ अशा तिन्ही वेळा ऑस्ट्रेलियातील अंतिम सामना आम्ही हरलो. पोपोविच फार सावध खेळवितात, खेळाडू सारखे बदलतात, अशी कुरकुर मीही केली आहे. परंतु एप्रिल २०१६ मध्ये जुन्या परामॅटा मैदानावर ब्रिस्बेनविरुद्ध ०-३ असे मागे पडून आम्ही ५-४ असे जिंकलो, तेव्हा ती कुरकुर कुठल्याकुठे गेली. त्या मैदानावरचा आमचा तो शेवटचा साखळी-सामना ठरला. नव्या बांधकामासाठी मैदान पाडण्यात आले, आणि संघ बिऱ्हाड पाठीवर घेतल्यासारखा दुसऱ्यांच्या मैदानांवर खेळू लागला.

अशा बेघर अवस्थेत १ ऑक्टोबर २०१७ रोजी बातमी आली की पोपोविच तुर्कस्तानच्या काराबुकस्पोर क्लबकडे चालले. नवा मोसम सुरू व्हावयास आठवडाही उरला नव्हता. मला संताप आला. पाच वर्षे ज्यांनी घर उभारले त्यांनी लग्नघरातून ऐन मुहूर्तावर उठून जावे?

मुंबईच्या मामांना मी दूरध्वनीवर ही तक्रार सांगितली. मामा कूपरेजवर रोव्हर्स चषकाचे सामने पाहून मोठे झालेले. ते हसून म्हणाले, "अरे, तुझे आजोबा अलिबागेहून मुंबईस आले, तू मुंबईहून सिडनीस गेलास. त्या गृहस्थांनी तेवढे कुठे जाऊ नये होय?"

"मामा, जाण्याबद्दल नव्हे, वेळेबद्दल बोलतो आहे," मी म्हणालो. "तू निघालास तेव्हा तरी कोणाची वेळ सोयीची होती?" यावर मजजवळ उत्तर नव्हते. आजही नाही; तथापि वेळेबद्दलचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

नोव्हेंबरात स्पेनचे जोसेप गोंबाऊ आले. त्यांची खेळविण्याची पद्धत अधिक मोकळी, चेंडू आपल्याकडे राखणारी. पोपोविच यांच्या काळात मी नेमके हेच मागत होतो. ते मिळाले, आणि मी मात्र जुन्या बचावासाठी हळहळत बसलो! संघ सातवा आला, बाद फेरी हुकली आणि एप्रिल २०१८ मध्ये गोंबाऊ यांनाही निरोप मिळाला. त्यांना आम्ही प्रेक्षकांनी पुरती संधी दिली नाही, असे मला आता वाटते. इकडे काराबुकस्पोरने पोपोविच यांना त्याच डिसेंबरात दूर केले होते. ती बातमी वाचून मला क्षणभर बरे वाटले, हे कबूल करावयास लाज वाटते. पुढे २०१८-१९ मध्ये त्यांनी पर्थ ग्लोरीला साखळीत अग्रस्थानी नेले, तेव्हा मत्सर वाटला.

सप्टेंबर २०२४ मध्ये ते राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. जून २०२५ मध्ये जेद्दाह येथे ऑस्ट्रेलियाने सौदी अरेबियाला २-१ असे हरवून २०२६ च्या विश्वचषकात प्रवेश मिळविला. पुन्हा सौदी अरेबिया, पुन्हा आमच्याकडची पहाट. पडद्यावर पोपोविच दिसताच मुलाने विचारले, "पप्पा, हेच ना ते, तुम्ही ज्यांच्यावर रागावला होता?"

"हो, तेच," मी म्हणालो, आणि राष्ट्रीय संघाचा सामना असूनही कपाटातून जुना तांबडाकाळा गळपट्टा काढला.