रंगाआधी पत्रा
येझदी मोटारसायकलचं म्हैसूरमधलं उत्पादन १९९६ साली थांबलं. म्हणजे आज घरी रंगवायला काढलेल्या त्या जुन्या येझदीच्या पेट्रोल टाकीचा पत्रा किमान तितका जुना. काष्टीसारख्या पर्जन्यछायेतल्या गावातही हे काम पावसाळ्यात काढू नये. पुट्टी सच्छिद्र असते, ओल शोषते आणि खाली पत्रा गंजतो. पुढे रंगाला फोड येतात आणि बोल मात्र रंगाच्या डब्याला! कोरड्या दिवसांत धूळ उडते, हा आक्षेप खरा. पण क्लिअर कोट पक्का वाळल्यावर त्यातली धूळ २००० नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी लावून निघते, पुट्टीखालचा गंज निघत नाही. म्हणून आधी पत्रा उघडा करून इपॉक्सी प्रायमर, मग पुट्टी, तीही कोरडीच घासायची. हार्डनर मिसळलेल्या रंगात श्वासाला घातक असं आयसोसायनेट असतं. तोंडाला बांधलेला रुमाल त्यापुढे कुचकामी.