पावणेचौदा लाख किलोमीटरची चाकरी

६ मे २०१९ रोजी विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत ‘आयएनएस रणजित’ या विनाशिकेवरचा ध्वज अखेरचा उतरवला गेला. नौदलाने तेव्हा तिच्या सेवेचा हिशेब मांडला: समुद्रात काढलेले दिवस २,१९० आणि कापलेले अंतर ७,४३,००० सागरी मैलांहून अधिक.

एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. त्या हिशेबाने हे अंतर पावणेचौदा लाख किलोमीटर भरते. विषुववृत्तावरून पृथ्वीला ३४ प्रदक्षिणा घालूनही त्यातले काही उरते. हेच अंतर चंद्राच्या दिशेने मोजले, तर चंद्रापर्यंत जाणे, परत येणे, पुन्हा जाणे आणि परतीची निम्म्याहून अधिक वाट एवढा प्रवास होतो. हे सगळे १४७ मीटर लांबीच्या, पूर्ण भारासह सुमारे ५,००० टनांच्या एका जहाजाने केले.

समुद्रातल्या दर दिवसाला सरासरी ६२८ किलोमीटर पडतात, म्हणजे मुंबई–पणजी रस्त्याच्या अंतराहून थोडे जास्तच. तासाचा वेग निघतो १४ नॉट, म्हणजे तासाला १४ सागरी मैल. जहाजाची कमाल क्षमता मात्र ३५ नॉट, ताशी सुमारे ६५ किलोमीटर. एवढी धाव अंगात असून ती इतकी सावकाश का चालली? कारण पाणी वेगाची जबर किंमत वसूल करते. ढोबळ नियम असा की वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. ‘रणजित’च्या चार गॅस टर्बाइनांची मिळून ताकद ७२,००० अश्वशक्ती होती. निम्म्या वेगाला त्यातली साधारण ९,००० पुरते. उरलेली ६३,००० फक्त पुढच्या साडेसतरा नॉटांसाठी. संकटाच्या वेळी हाताशी असावी म्हणून ही ताकद आयुष्यभर वागवायची.

आता माणसांचा हिशेब. अशा विनाशिकेवर अधिकारी आणि नौसैनिक मिळून सुमारे ३२० जण असतात. ३२० गुणिले २,१९० म्हणजे सात लाख मनुष्यदिवस. वर्षांत सांगायचे तर १,९२०. एवढा काळ माणसांनी या एका पोलादी कवचात, जमिनीपासून दूर काढला. दिवसाला तीन जेवणे धरली तरी तिच्या भटारखान्यातून २१ लाख ताटे वाढली गेली. तिचे पहिले कप्तान विष्णू भागवत आणि पुढे तिची धुरा सांभाळणारे देवेंद्र कुमार जोशी हे दोघेही नौदलप्रमुख झाले. १९९९ च्या कारगिल युद्धावेळी नौदलाने राबवलेल्या ‘ऑपरेशन तलवार’मध्ये ती होती, २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१४ च्या हुदहुद वादळानंतर ती मदतकार्यातही होती.

आणखी एक आकडा मला सर्वांत मोठा वाटतो. १५ सप्टेंबर १९८३ रोजी ती सेवेत आली, म्हणजे तिचे आयुष्य १३,०१७ दिवसांचे. त्यातून समुद्रातले २,१९० वजा केले की उरतात १०,८२७. सहातले पाच दिवस ती बंदरात किंवा गोदीत होती. हे दिवस वाया गेलेले नाहीत. तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडायचे, गंजलेले पत्रे बदलायचे, टर्बाइन उघडून तपासायचे, क्षेपणास्त्रे आणि रडार सज्ज ठेवायचे, नव्या माणसांना शिकवायचे. खारे पाणी रोज पोलाद खाते आणि माणसांना ते रोज परत उभे करावे लागते. ज्या सोव्हिएत संघाने युक्रेनमधल्या निकोलायेव्हला तिला बांधले, तो देश १९९१ मध्ये नकाशावरून गेला. त्यानंतरही तिने २७ वर्षे सेवा केली.

नवी युद्धनौका पाण्यात उतरते तेव्हा साऱ्या देशाची छाती फुगते, आणि ते योग्यच आहे. पण तिला पस्तीस वर्षे लढाईजोगी ठेवणाऱ्या गोदी कामगारांचा आणि तंत्रज्ञांचा मान त्याहून तसूभरही कमी नसावा. चंद्राच्या वाटेएवढा हा प्रवास त्यांच्याही नावावर जमा झाला पाहिजे.