पन्नास हजारांतली रोड सायकल

पाथर्डीहून नगरकडे निघालं की तिसगाव, मग करंजी आणि लगेच घाट. या रस्त्यावर वेगानं सायकल मारायची म्हणून पैसे साठवणारी पोरं दुकानात गेल्यावर आधी फ्रेम उचलून बघतात. पन्नास हजारांच्या आसपास बजेट असेल, तर वजन सगळ्यात शेवटी बघावं असं माझं ठाम मत आहे.

हिशेब करून बघा. स्वार 65 किलोचा, सायकल 10 किलोची. सायकल एका किलोनं हलकी झाली, तर 20 मिनिटांच्या चढाला जेमतेम 16 सेकंद वाचतात. सपाटीवर ताशी 30 किलोमीटरच्या वेगात बहुतेक ताकद वारा कापण्यात जाते आणि वारा अडवतं ते मुख्यतः आपलं अंग. म्हणून फ्रेमचं माप पहिलं. मोठी फ्रेम असेल तर हात ताणले जातात, मान-खांदे भरून येतात आणि तासाभरात माणूस ताठ बसतो. ‘सीट खाली घेऊ’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. सीट खाली घेतल्यानं हँडल फारसं जवळ येत नाही.

शिमानोच्या गिअरची चढती श्रेणी टूर्नी, क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, 105 अशी. या पैशांत क्लॅरिस पुरे. गिअर किती यापेक्षा दाते मोजा: पुढे 50-34 आणि मागची सर्वांत मोठी चकती 32 किंवा 34 दात्यांची असली, की करंजी घाटात पाय फिरते राहतात. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आरपार करणारी सायकल शर्यत पुरी केली. अशा लांब पल्ल्याची ओढ असेल, तर पहिली पायरी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुरी करायची सायकलफेरी. तिला साडेतेरा तास मिळतात. त्यासाठी कार्बनची फ्रेम लागत नाही.

टायरवर मात्र हात आखडू नका. आपल्याकडे बाभळीचे काटे आणि सराटे. फ्रेममध्ये बसत असेल तर 28 मिलिमीटरचं जाड पट्टीचं टायर घ्या. रोड सायकलच्या ट्यूबला बहुधा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, त्याला पंक्चरच्या दुकानातली साधी नळी बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर, हातपंप आणि जादा ट्यूब सोबत हवीच. ब्रेक तारेचे घ्या. तेलाचे बिघडले तर गावात दुरुस्ती अवघड.

पुण्यात वापरलेली चांगली सायकल मिळू शकते. बघायला जाताना 12 इंची स्टीलची पट्टी न्या. चेनच्या एका पिनवर शून्य धरा. चेन नवी असेल तर त्यापुढची चोविसावी पिन बरोबर 12 इंचांवर येते. ती सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलायची. अष्टमांश गेली असेल तर मागच्या चकत्याही झिजल्यात. मग चाक फिरवा. आऊट असेल, म्हणजे चाक डगमगत असेल, तर तो काढता येतो, पण ब्रेक घासून रिमला खोलगट चर पडला असेल तर रिम गेली. हा सगळा खर्च तिथंच, विकणाऱ्यासमोर, सांगितलेल्या किमतीतून वजा करा.