एका ओळीचे दोन वाचक

सक्करदऱ्याहून सीताबर्डीच्या दुकानदारास एखाद्या मुलाच्या हातीं चिठ्ठी पाठविली, आणि त्यानें ती वाटेंत उघडून कांहीं खुणांचा आपल्यापरी अर्थ लावून मजकूर बदलला, तर दुकानदार काय माल देईल? संगणकाच्या ‘मेकफाइल’ नामक आज्ञापत्राची स्थिति अशीच आहे.

‘मेक’ हा प्रोग्राम स्टुअर्ट फेल्डमन यांनीं १९७६ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत रचिला. कोणत्या फाइली बदलल्या तें पाहून तेवढेंच काम पुन्हा करविणें हें त्याचें कार्य. परंतु आज्ञेची ओळ प्रथम मेक वाचतो, व मग ‘शेल’ ती अमलांत आणितो. $ हें चिन्ह दोघांसही ‘पुढील नांवाच्या जागीं त्याचें मूल्य घाला’ असें सांगतें. शेलसाठीं म्हणून $ लिहून त्यापुढें ‘होम’ हा चार इंग्रजी अक्षरांचा शब्द लिहिला, तर कंस नसल्यामुळें मेक पहिलें अक्षर ‘एच्’ एवढेंच नांव समजतो. तें नांव कोठें दिलेलें नसल्यास त्या जागीं कांहींच येत नाहीं, आणि शेलच्या हातीं ‘ओ-एम्-ई’ हें तुटकें शेपूट पडतें! मेक सामान्यतः तक्रारही करीत नाहीं. उपाय सोपा आहे: $$ लिहावें, एक मेक खातो, दुसरें शेलला मिळतें.

# ची गोष्ट निराळी. मूल्य देण्याच्या ओळींत त्यापुढील मजकूर मेक टीप समजून सोडतो. तें चिन्हच हवें असल्यास त्यामागें \ द्यावें. आज्ञेच्या ओळींत मात्र मेक त्यास हात लावीत नाहीं.

खरा घात होतो तो टिपेआधींच्या मोकळ्या जागेनें. समजा, ‘कप्पा’ या नांवास निकालपत्रांच्या कप्प्याचा पत्ता दिला, थोडी जागा सोडली आणि # करून त्याच ओळींत खुलासा लिहिला. मेक खुलासा टाकतो, पण ती मोकळी जागा मूल्यांत तशीच ठेवितो. पुढें ‘$(कप्पा)/जुनीं’ आंतील सर्वांसह पुसण्याची आज्ञा असली, तर शेलला एक नांव न दिसतां दोन दिसतात: एक संपूर्ण कप्पा, दुसरें ‘/जुनीं’. जुनीं पत्रें पुसावयास जावें, आणि यंदाचींही नाहींशीं व्हावींत! ह्यास्तव मी खुलासा नेहमीं वेगळ्या ओळीवर लिहितों, आणि पुसण्याची आज्ञा असली कीं मेकला ‘-एन्’ जोडून शेलकडे जाणारी ओळ आधीं नुसती छापून पाहतों. नांवामधील ती फट तेथें डोळ्यांस दिसते.